जुना कॉम्प्युटर रिकव्हरी डिस्कने दुरुस्त करायचा, तर आधी काय, मग काय आणि कशाला हात लावायचा नाही

विंडोज चालू होत नाही म्हटलं की दुकानात दोनच उत्तरं मिळतात, एक तर "फॉरमॅट मारावा लागेल" नाहीतर "आता नवीनच घ्या". आणि घरी कोणी स्वतः करायला बसलं की नेटवरून सापडेल ती कमांड, सापडेल त्या क्रमाने मारत सुटतात आणि शेवटी जे आधी नुसतं बूट होत नव्हतं त्यातला डेटापण जातो. कमांड बहुतेक वेळा बरोबरच असतात हो, क्रम चुकलेला असतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, आणि मधल्या पायऱ्या गाळू नका ही विनंती.

हे विंडोज ७ आणि विंडोज १० असलेल्या जुन्या डेस्कटॉप-लॅपटॉपसाठी आहे. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला आणि १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये, तरी डीटीपीवाल्यांकडे, छोट्या ऑफिसांत, टॅली चालणाऱ्या दुकानांत ही मशीन रोज चालू आहेत आणि त्यांच्यातला डेटा मशीनपेक्षा कितीतरी महाग आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कमांड आणि मेनूची नावं खाली उच्चाराने लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. जिथे स्पेस दिसतेय तिथे स्पेस द्यायचीच.

## १. तुमच्या हातात नेमकी कुठली डिस्क आहे?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. "रिकव्हरी डिस्क" या एकाच नावाखाली लोक चार वेगळ्या वस्तू धरतात.

सिस्टिम रिपेअर डिस्क. ही विंडोजमधूनच बनवलेली छोटी डिस्क, विंडोज ७ ची तर साध्या सीडीवर मावते. हिच्यात फक्त दुरुस्तीची अवजारं असतात, विंडोज पुन्हा टाकता येत नाही. आपल्याला मुख्यतः हीच हवी.

कंपनीची रिकव्हरी डिस्क. लॅपटॉपबरोबर आलेली, किंवा पहिल्या दिवशी "बर्न करून ठेवा" म्हणून जिने डोकं खाल्लेलं ती. ही मशीन दुकानातून आलं तसं करून देते, म्हणजे तुमचं सगळं पुसून. नाव रिकव्हरी आणि काम सफाई! लोकांना वाटतं ही आपला डेटा रिकव्हर करणार. नाही करत.

विंडोजची इन्स्टॉलेशन डिस्क किंवा पेनड्राइव्ह. हिच्यातही दुरुस्तीची अवजारं असतात. "इन्स्टॉल नाऊ" लिहिलेल्या स्क्रीनवर खाली डाव्या कोपऱ्यात "रिपेअर युवर कॉम्प्युटर" असं बारीक अक्षरात असतं, तिथे जायचं. मधलं मोठं बटण दाबायचं नाही.

लाइव्ह लिनक्स. मिंट, उबंटू वगैरे, हार्ड डिस्कवर न टाकता डीव्हीडी-पेनड्राइव्हवरूनच चालणारं. विंडोज दुरुस्त करायला नाही, पण डेटा बाहेर काढायला आणि हार्ड डिस्कची तब्येत बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

> सावधान: स्क्रीनवर "फॅक्टरी", "ओरिजिनल कंडिशन" किंवा "ऑल डेटा विल बी लॉस्ट" असं काही दिसलं तर तिथेच थांबा, पॉवर बटण दाबून ठेवून मशीन बंद केलं तरी चालेल. त्याच्या पुढे "नेक्स्ट" दाबलंत की परतीचा रस्ता नाही.

## २. डिस्क बनवून घ्या, चालू असलेल्या दुसऱ्या मशीनवर

विंडोज ७ साठी: दुसऱ्या विंडोज ७ मशीनवर स्टार्ट मेनूच्या सर्च बॉक्समध्ये "रेकडिस्क" टाइप करून एंटर मारा, कोरी सीडी किंवा डीव्हीडी घाला, झालं. विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये "बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)" असं विचित्र नावाचं पान आहे, त्याच्या डाव्या बाजूला "क्रिएट अ सिस्टिम रिपेअर डिस्क" सापडेल.

डीव्हीडी ड्राइव्ह नसेल किंवा मेला असेल (जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा मेलेलाच असतो) तर पेनड्राइव्ह. विंडोज १० मध्ये सर्चला "रिकव्हरी ड्राइव्ह" टाका आणि "बॅक अप सिस्टिम फाइल्स" समोरची टिक काढून टाका, आपल्याला फक्त अवजारं हवीत. टिक ठेवलीत तर १६ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि दुपार जाते. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा, मुलाच्या प्रोजेक्टचा पेनड्राइव्ह उचलून आणू नका.

आयएसओ फाइलवरून (म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलमध्ये भरलेली) बनवत असाल तर तीन गोष्टी हमखास चुकतात:

- आयएसओ फाइल नुसती डीव्हीडीवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करून बूट होत नाही. डीव्हीडीसाठी फाइलवर राइट क्लिक करून "बर्न डिस्क इमेज", पेनड्राइव्हसाठी रुफससारखं टूल.
- रुफसमध्ये "पार्टिशन स्कीम" विचारतं. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मदरबोर्डमधला प्रोग्राम, यूईएफआय हा त्याचा नवा प्रकार; एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशन) लिहून ठेवायची जुनी आणि नवी पद्धत. जुन्या बायोसच्या मशीनसाठी एमबीआर, यूईएफआयवाल्यासाठी जीपीटी. साधारण २०१२ च्या आधीचं मशीन असेल तर डोळे झाकून एमबीआर.
- विंडोज १० ची अलीकडची आयएसओ साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मावतच नाही, तिथे ८ जीबीचा पेनड्राइव्हच घ्या.

डीव्हीडी बर्न करताना स्पीड कमीत कमी ठेवा, ४एक्स मिळाला तर उत्तम. जुन्या ड्राइव्हची लेन्स थकलेली असते, फुल स्पीडने बर्न केलेली डिस्क तिला वाचता येत नाही आणि मग आपण डिस्कला नावं ठेवतो.

तपासा: ३२ बिट की ६४ बिट? विंडोज ७ मध्ये हे जुळलंच पाहिजे. ६४ बिटच्या विंडोजला ३२ बिटची रिपेअर डिस्क लावली की "धिस व्हर्जन ऑफ सिस्टिम रिकव्हरी ऑप्शन्स इज नॉट कम्पॅटिबल" असा मेसेज येतो आणि लोकांना वाटतं विंडोज कामातून गेलं. विंडोज तसंच असतं, फक्त डिस्क दुसरी लागते. आठवत नसेल तर दोन्ही बनवा आणि मार्करने वर लिहून ठेवा.

## ३. डिस्क घालायच्या आधी मशीनच बघा

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून सगळे गाळतात, आणि निम्म्या वेळा दुखणं इथेच निघतं.

मशीन बंद करा, वायर काढा, पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर तीपण काढा. मग प्रिंटर, डोंगल, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर सगळं सोडवून फक्त कीबोर्ड-माऊस ठेवून चालू करून बघा. मागे लावून विसरलेल्या पेनड्राइव्हवरून बूट व्हायचा प्रयत्न करत "नो बूटेबल डिव्हाइस" म्हणणारी मशीन खूप असतात.

डेस्कटॉप असेल तर साइडचं झाकण उघडा. धूळ ब्रशने काढा, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि दोन्ही बाजूंचा खटका "टक्" करून लागेपर्यंत दाबून बसवा. हार्ड डिस्कची साटा केबल दोन्ही टोकांनी काढून परत लावा. ही लाल पातळ केबल फार लवकर सैल होते, बदलायला दुसरी असेल तर सरळ बदला. मदरबोर्डवर डबीच्या आकाराचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर पुढचं काही करू नका, तो हार्डवेअरचा विषय आहे.

आता सेलकडे बघा, मदरबोर्डवरचा चपटा सीआर२०३२. मशीन चालू करताना तारीख कुठल्यातरी जुन्या सालातली दिसत असेल किंवा "सीएमओएस चेकसम" म्हणून एफ१ दाबायला सांगत असेल तर तो संपलाय. नवा बसवा, पण थांबा, खरी गोम पुढे आहे. सेल संपला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, आणि त्यात साटा मोड (हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयचा आयडीई होऊ शकतो. मग विंडोजचा लोगो क्षणभर दिसतो, निळा स्क्रीन चमकून जातो आणि मशीन रीस्टार्ट. त्या निळ्या स्क्रीनवर शेवटी ७बी असा कोड दिसतो, विंडोज १० मध्ये "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". या केसमध्ये विंडोजला काहीही झालेलं नसतं! बायोसमध्ये जाऊन साटा मोड परत आधीचा केला की मशीन जणू काही झालंच नाही असं सुरू होतं. आणि हे न बघता ज्यांनी फॉरमॅट मारला त्यांना आता काय सांगणार.

तपासा: बायोसच्या मुख्य स्क्रीनवर हार्ड डिस्कचं नाव आणि साइज दिसतेय का? दिसत नसेल तर कुठलीही रिकव्हरी डिस्क काही करू शकणार नाही. केबल, पोर्ट, पॉवर आणि मग हार्ड डिस्क या क्रमाने शोधा.

## ४. डिस्कवरून बूट करणं

बायोसमधला बूट ऑर्डर कायमचा बदलायची गरज नाही, बऱ्याच मशीनना एकदाच वापरायचा बूट मेनू असतो. डेल, लेनोवो, एसर आणि गिगाबाइट बोर्डवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि डेस्कटॉप बोर्डवर एफ८, एमएसआय आणि अ‍ॅसरॉकवर एफ११. एसरमध्ये "एफ१२ बूट मेनू" हे आधी बायोसमध्ये जाऊन एनेबल करावं लागतं, तोपर्यंत तुम्ही कितीही एफ१२ बडवा.

पॉवर दिल्या दिल्या ती की टपटप दाबत राहायची, धरून नाही ठेवायची. विंडोजचा लोगो आला म्हणजे उशीर झाला, परत पहिल्यापासून.

मेनूत डीव्हीडी ड्राइव्ह किंवा पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे "यूईएफआय" लावून. इथे विचार करून निवडा. विंडोज ज्या पद्धतीने टाकलेलं आहे त्याच पद्धतीने डिस्क बूट झाली पाहिजे, नाहीतर बूटच्या फाइल्स दुरुस्त करायला गेलात की उगाच एरर येत राहणार. विंडोज ७ बहुतेक ठिकाणी जुन्या पद्धतीनेच टाकलेलं असतं, म्हणजे "यूईएफआय" नसलेली ओळ.

डीव्हीडी निवडली की काळ्या स्क्रीनवर "प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी ऑर डीव्हीडी" येतं. ते चारपाच सेकंदच असतं, दिसल्याबरोबर स्पेसबार दाबा. चहाचा कप घ्यायला वळलात की गेलं.

काही अडलं तर: पेनड्राइव्ह निळ्या यूएसबी पोर्टमध्ये असेल तर काळ्यात लावून बघा, विंडोज ७ च्या डिस्कमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत. डीव्हीडी नुसतीच घरघर करत असेल तर ती दुसऱ्या मशीनवर वाचली जाते का बघा.

पुढे कीबोर्ड विचारेल, "यूएस" ठेवा. विंडोज ७ मध्ये मग ऑपरेटिंग सिस्टिमची यादी येते. यादी रिकामी दिसली तर घाबरू नका, बूटची नोंदवही बिघडली असली तरी ती रिकामीच दिसते. तसंच "नेक्स्ट" करा.

## ५. दुरुस्तीच्या आधी डेटा बाहेर

हो, आधी. स्टार्टअप रिपेअरच्याही आधी. कारण पुढची काही अवजारं डिस्कवर लिहितात, आणि हार्ड डिस्क मरायला टेकलेली असेल तर तो धक्का तिला शेवटचा ठरू शकतो.

रिपेअर डिस्कमध्ये एक छुपा रस्ता आहे. "कमांड प्रॉम्प्ट" उघडा (विंडोज १० मध्ये ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट), तिथे नोटपॅड टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडलं की फाइल मेनूतून ओपन, खाली "टेक्स्ट डॉक्युमेंट्स" च्या जागी "ऑल फाइल्स" निवडा. आता ही ओपनची छोटी खिडकीच तुमचं एक्सप्लोरर! फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, दुसऱ्या ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. यात कॉपी किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी येत नाही, खिडकी नुसती थिजल्यासारखी वाटते आणि लोक मशीन बंद करतात. करू नका. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय म्हणजे काम चालू आहे. संपल्यावर एफ५ दाबून रिफ्रेश केल्याशिवाय कधीकधी फाइल्स दिसतही नाहीत.

डेटा जास्त असेल तर रोबोकॉपी बरं पडतं:

रोबोकॉपी डी:\यूझर्स ई:\बॅकअप /ई /आर:१ /डब्ल्यू:१ /एक्सजे

ड्राइव्हची अक्षरं तुमच्याकडे असतील ती घाला. शेवटचे तीन शब्द का, तर खराब फाइल लागली की रोबोकॉपी स्वतःहून दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी तीस सेकंद थांबतं, एका फोटोपायी जन्म जाईल. "आर" आणि "डब्ल्यू" ने तो आकडा एकवर येतो, आणि "एक्सजे" मुळे यूझर्समधल्या गोल फिरवणाऱ्या शॉर्टकटमध्ये ते अडकत नाही.

काय काय कॉपी करायचं यातही चुका होतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स सगळ्यांना आठवतं. हे विसरतं:

- टॅलीचा "डेटा" फोल्डर. आत पाच आकडी नावांचे फोल्डर दिसतील, एकेक म्हणजे एकेक कंपनी. हा यूझर्समध्ये असेलच असं नाही, थेट टॅलीच्या फोल्डरमध्येही असतो.
- विंडोजमधला "फॉन्ट्स" फोल्डर. मराठी डीटीपी करणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं, श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये केलेलं काम त्याच फॉन्टशिवाय नुसती चिन्हांची रांगोळी दिसतं. पेजमेकर, कोरलच्या फाइल्स वाचल्या आणि फॉन्ट गेले तर वाचून न वाचल्यासारखंच.
- आउटलुकची पीएसटी फाइल. ही ४ जीबीच्या वर असेल तर एफएटी३२ पेनड्राइव्हवर जाणारच नाही, तो आधी एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, अर्थात दुसऱ्या मशीनवर.
- ब्राउझरमधले बुकमार्क, जे यूझरच्या "अ‍ॅपडेटा" या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात.

> सावधान: हार्ड डिस्कमधून "टक् टक्" किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, किंवा एक फोल्डर उघडायला मिनिटं लागत असतील, तर फक्त सर्वात महत्त्वाच्या फाइल्स आधी घ्या आणि दुरुस्तीचा विचार सोडा. ती डिस्क बदलायचीच आहे.

तब्येत नीट बघायची तर लाइव्ह मिंटवर "डिस्क्स" नावाचं अ‍ॅप उघडा, तीन टिंबांच्या मेनूत "स्मार्ट डेटा" आहे, हार्ड डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद. "रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या दोन ओळींचे आकडे शून्य असले तर पुढे जा. पेंडिंग शून्य नसेल तर तिच्यावर काहीही दुरुस्त करत बसू नका. मशीन ३२ बिटचं असेल तर आताचं मिंट चालणार नाही, अँटिएक्स नावाचं हलकं लिनक्स वापरा, ते कमी रॅमवरही धावतं.

## ६. आता दुरुस्ती, हलक्यापासून जडाकडे

यूपीएस तपासा, लॅपटॉप चार्जरला लावा. मध्येच लाईट गेली तर पुढे जे होईल ते आधीपेक्षा वाईट असेल. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल आणि तुमच्याकडे लाईट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती वेळ टाळून बसा.

पहिलं, सिस्टिम रिस्टोअर. काल चालत होतं आणि आज नाही, मध्ये काहीतरी इन्स्टॉल केलं किंवा अपडेट आलं, तर हेच आधी. तुमच्या डॉक्युमेंटना हे हात लावत नाही, पण त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम जातात. डिस्कवरून केलेलं रिस्टोअर मागे घेता येत नाही, म्हणून सगळ्यात अलीकडची तारीख निवडा, उगाच वर्षभर मागे जाऊ नका. विंडोज १० मध्ये यादी रिकामी निघायची शक्यता बरीच, कारण तिथे हे बऱ्याच मशीनवर बंदच असतं.

दुसरं, अपडेट काढणं. विंडोज १० मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "अनइन्स्टॉल अपडेट्स" असेल तर ते वापरा. विंडोज ७ "कॉन्फिगरिंग अपडेट्स" वर अडकून तिथल्या तिथे फिरत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

डिस्म /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स

तिसरं, स्टार्टअप रिपेअर. एकदा "कुड नॉट रिपेअर" आलं म्हणजे संपलं असं नाही. हे एका वेळी एकच दुखणं धरतं, त्यामुळे रीस्टार्ट करून तीनदा चालवून बघा. दर वेळी बूट मेनूतून डिस्कवरच यायचं, आणि बाहेरच्या डिस्क, पेनड्राइव्ह सगळं काढून ठेवायचं (ज्यावरून बूट केलंय तो सोडून). तिसऱ्यांदाही तेच आलं तर पुढे जा, दहाव्यांदा चालवून काही वेगळं होणार नाही.

## ७. कमांड प्रॉम्प्ट: आधी ड्राइव्हचं अक्षर ओळखा

नेटवरच्या सगळ्या कमांडमध्ये "सी" लिहिलेलं असतं आणि लोक तसंच्या तसं मारतात. पण डिस्कवरून बूट केल्यावर अक्षरं बदलतात! विंडोज ७ चा १०० एमबीचा "सिस्टिम रिझर्व्हड" भाग इथे बऱ्याचदा सी होतो आणि तुमचं खरं विंडोज डी. सुरुवातीला दिसणारा "एक्स" हा डिस्कचा स्वतःचा, रॅममधला ड्राइव्ह आहे, तिथे काही दुरुस्त करण्यासारखं नाही.

म्हणून पहिलं काम: डिस्कपार्ट टाइप करा, एंटर, मग लिस्ट व्हॉल्यूम. साइजवरून आणि नावावरून ओळखा. शंका असेल तर एक्झिट करून डीआयआर डी:\ मारा, "विंडोज", "यूझर्स", "प्रोग्राम फाइल्स" दिसले की तोच. आणि डिस्कपार्टमध्ये असताना लिस्ट डिस्क पण मारून घ्या, शेवटच्या जीपीटीच्या रकान्यात चांदणी असेल तर मशीन यूईएफआयवालं, नसेल तर जुन्या पद्धतीचं. हे पुढे लागणार आहे.

> सावधान: डिस्कपार्टमध्ये "क्लीन" हा शब्द कुठल्याही लेखात, व्हिडिओत दिसला तरी टाइप करू नका. तो साफसफाई करत नाही, अख्खा पार्टिशन टेबल उडवतो, आणि "नक्की का?" असं विचारतही नाही.

खाली विंडोज डी वर आहे असं धरलंय.

अ) फाइल सिस्टिम. सीएचकेडीएसके डी: /एफ. आधी फक्त "एफ". सगळे सरळ "आर" मारतात, तो पूर्ण डिस्क सेक्टर-सेक्टर वाचतो, मोठ्या डिस्कवर रात्र लागू शकते आणि कमजोर डिस्कचा त्यात निकाल लागतो. डेटा बाहेर आहे आणि स्मार्ट आकडे ठीक आहेत तरच "आर". चालू असताना टक्के तासभर एकाच आकड्यावर अडकलेले दिसले तरी बंद करू नका.

आ) विंडोजच्या फाइल्स. एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडीर=डी:\ /ऑफविनडीर=डी:\विंडोज. नुसतं "एसएफसी स्कॅननाऊ" मारलंत तर ते बिचारं एक्स ड्राइव्हच तपासत बसेल. "सिस्टिम रिपेअर पेंडिंग" म्हणून अडलं तर वरची डिस्मची कमांड मारून, रीस्टार्ट करून परत डिस्कवर या.

इ) बूट. "बूटएमजीआर इज मिसिंग" किंवा "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड" येत असेल तरच या पायरीला या. विंडोजचा लोगो येऊन मग अडकत असेल तर बूट ठीक आहे, इथे काही करू नका.

जुन्या पद्धतीच्या मशीनवर क्रमाने, एकेक:

१. बूटरेक /फिक्सएमबीआर
२. बूटरेक /फिक्सबूट
३. बूटरेक /रीबिल्डबीसीडी

तिसरी कमांड विंडोज शोधते आणि यादीत घालू का विचारते, "वाय" दाबून एंटर. "टोटल आयडेंटिफाइड विंडोज इन्स्टॉलेशन्स: ०" आलं तर विंडोज गेलं असं समजू नका, बऱ्याचदा ते जुन्या नोंदवहीत आधीच असतं म्हणून नवीन शून्य दिसतं. अशा वेळी जुनी नोंदवही (तिचंच नाव बीसीडी) बाजूला करून परत बनवायची, ती सिस्टिम रिझर्व्हड भागावर असते, आपल्या उदाहरणात सी:

अ‍ॅट्रिब सी:\बूट\बीसीडी -एच -आर -एस
रेन सी:\बूट\बीसीडी बीसीडी.जुनी
बूटरेक /रीबिल्डबीसीडी

("जुनी" च्या जागी इंग्रजीत काहीही तीन अक्षरं चालतील. डिलीट मात्र करू नका, नाव बदला.)

मशीनवर विंडोजबरोबर लिनक्सपण असेल तर पहिली कमांड लिनक्सचा बूट मेनू पुसून टाकते, विंडोज येईल पण लिनक्स दिसेनासं होईल. तो नंतर परत बसवता येतो, फक्त आधी माहीत असलेलं बरं.

यूईएफआयवाल्या मशीनवर "फिक्सबूट" ला "अ‍ॅक्सेस इज डिनाइड" येतं आणि लोक तिथे तासन् तास डोकं आपटतात. सोडा ती. डिस्कपार्टमध्ये लिस्ट व्हॉल्यूम, त्यात एफएटी३२ असलेला शंभर एमबीच्या आसपासचा भाग शोधा, त्याचा नंबर घालून सिलेक्ट व्हॉल्यूम २ (तुमचा जो असेल तो), असाइन लेटर=एस, एक्झिट. मग:

बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

"बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड" आलं की झालं. डिस्क काढा, रीस्टार्ट करा.

तपासा: प्रत्येक कमांडनंतर आलेला मेसेज मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कोणाला दाखवायची वेळ आली तर "काहीतरी एरर आला" यावरून कोणीच काही सांगू शकत नाही.

## ८. नाहीच झालं तर

मग विंडोज परत टाकायचं, पण फॉरमॅट न मारता. इन्स्टॉलेशन डिस्कवरून बूट करा, "कस्टम" निवडा, विंडोज असलेलं पार्टिशन निवडा आणि फॉरमॅट किंवा डिलीट न दाबता नुसतं नेक्स्ट. जुनं विंडोज आणि यूझर्स फोल्डर "विंडोज.ओल्ड" मध्ये सरकवल्याचा मेसेज येईल, तो आला म्हणजे बरोबर चाललंय. प्रोग्राम परत टाकावे लागतील, फाइल्स राहतील. यासाठी पार्टिशनवर पुरेशी मोकळी जागा हवी.

विंडोज १० च्या काही लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि ४८ आकडी बिटलॉकर की मागतात. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये लॉगिन करून मिळते, ज्याच्या नावाने लॅपटॉप पहिल्यांदा सेट केला त्याच्या. सेकंडहँड घेतला असेल तर आधीच्या मालकाला फोन लावा.

## ९. सुरू झाल्यावर लगेच

आधी घड्याळ बघा, तारीख चुकीची असेल तर ब्राउझरमध्ये निम्म्या साइट उघडणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल दुरुस्ती अर्धवट राहिली. मग मशीन नीट शटडाउन करून दोनदा थंड सुरुवात करून बघा, नुसतं रीस्टार्ट करून खात्री होत नाही. बूट ऑर्डर कायमचा बदलला असेल तर हार्ड डिस्क परत वर आणा. सिस्टिम रिस्टोअर चालू करून एक रिस्टोअर पॉइंट बनवा. टॅली आणि डीटीपीचं सॉफ्टवेअर उघडून खरी फाइल उघडून बघा, लायसन्सचा डोंगल ओळखला जातोय का तेही, आणि हे सगळं होईपर्यंत पाचव्या पायरीत बाहेर काढलेला बॅकअप पुसू नका. डिस्क मशीनच्याच कॅबिनेटला बाहेरून पाकिटात चिकटवून ठेवा, वर ३२ की ६४ ते लिहून.